१३४७ : एक शुक्रवार, दोन विजय आणि धान्याची गलबते

आपण एरवी एक व्यक्ती, एक लढाई किंवा एक किल्ला घेऊन बोलतो. आज एक संपूर्ण वर्ष घेऊ. त्यातही सुरुवात एका दिवसापासून करू : ३ ऑगस्ट १३४७, वार शुक्रवार.

त्या दिवशी दौलताबादेत हसन नावाच्या एका सरदाराच्या मस्तकावर राजमुकुट चढला आणि बहमनी राज्याचा जन्म झाला. नेमक्या त्याच दिवशी हजारो कोस पश्चिमेला, फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, कॅले हे बंदर अकरा महिन्यांच्या वेढ्यानंतर इंग्लंडच्या राजाला शरण गेले. दौलताबादेत कॅलेचे नाव कोणी ऐकले नव्हते, आणि कॅलेत दख्खनचे. दोन्ही ठिकाणी मात्र जमलेल्यांची खात्री एकच असणार, की या वर्षाची सर्वांत मोठी घटना आपण डोळ्यांदेखत पाहत आहोत.

ती दोघांच्याही डोळ्यांसमोर नव्हती. ती काळ्या समुद्राच्या काठावर होती, आणि तिच्याकडे पाहण्याचे कारणच कोणाला वाटले नव्हते.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात ठेवू. ‘१३४७’ हे नावच त्या काळच्या बहुतेकांना ठाऊक नव्हते. दौलताबादच्या दरबारात हिजरी ७४८ चालू होते. गोदाकाठच्या पंचांगात शके १२६९ होते. कॉन्स्टँटिनोपलमध्ये सृष्टीच्या आरंभापासून मोजलेले ६८५५वे वर्ष होते. लंडनच्या दफ्तरात तिसऱ्या एडवर्डच्या राज्यारोहणाचे एकविसावे वर्ष लिहिले जात होते, तर चीनच्या युआन दरबारात ‘चिझेंग’ संवत्सराचे सातवे. या सगळ्यांना एका आकड्याखाली एकत्र बसवण्याची सोय आपली आहे, त्यांची नव्हती.

आता दौलताबाद. पाठ्यपुस्तकात ‘१३४७ – बहमनी राज्याची स्थापना’ एवढी एकच ओळ असते. त्या ओळीमागे वीस वर्षांचा इतिहास आहे. १३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीतील उमराव, विद्वान आणि सूफी यांना देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस, हलवले. हा निर्णय फसला असे आपण म्हणतो, परंतु सगळेच लोक परत गेले नाहीत. दख्खनमध्ये राहिलेल्या या लोकांचा येथे जम बसला, मुले येथे वाढली, आणि दिल्ली त्यांना दूरची वाटू लागली. त्यांच्यातलेच होते ‘अमीरान-ए-सदा’, म्हणजे शंभराचे अमीर. साधारण शंभर गावांचा महसूल आणि शिबंदी सांभाळणारा हा अधिकारीवर्ग.

गुजरात-माळव्यातील या अमीरांवर तुघलकाचा संशय बसला. त्याच्या माळव्यातील सुभेदाराने धार येथे सुमारे ऐंशी अमीरांना एकदम ठार केले. ही बातमी पसरताच बाकीच्यांनी ओळखले की निष्ठा दाखवूनही मान वाचणार नाही. दौलताबादचे अमीर उठले, किल्ला ताब्यात घेतला आणि इस्माईल मुख नावाच्या वृद्ध अमीराला सुलतान केले. तुघलक स्वतः चालून आला. त्याने त्यांचा पराभव केला, किल्ल्यास वेढा घातला, आणि नेमक्या त्याच वेळी गुजरातेत तघी नावाच्या माणसाने बंड केले. सुलतान वेढा दुसऱ्यांवर सोपवून तिकडे धावला. मागे हसनने, ज्याला तेव्हा जफरखान हा किताब होता, शाही सेनापती सरतेझ याला लढाईत मारले. वृद्ध इस्माईलने गादी सोडली. हसन अलाउद्दीन बहमनशाह झाला.

परंपरेप्रमाणे हा राज्याभिषेक कुत्बुद्दीन मुबारक खिलजीने बांधलेल्या मशिदीत झाला. दौलताबादला गेलेल्यांनी ती वास्तू नक्की पाहिली असेल. देवळांच्या खांबांवर उभ्या असलेल्या त्या विस्तीर्ण इमारतीत आज भारतमातेची मूर्ती आहे. एका वास्तूत इतके थर असणे दख्खनला नवे नाही.

नव्या सुलतानाने आपल्या नाण्यांवर ‘दुसरा सिकंदर’ असे बिरुद कोरले. राज्य तेव्हा केवढे होते हे पाहिले तर हे बिरुद जरा मोठेच वाटते. पण त्याच राज्याच्या पोटातून पुढे पाच शाह्या निघाल्या, आणि त्यांतल्या निजामशाहीच्या चाकरीत मालोजी आणि शहाजी भोसले मोठे झाले. म्हणून त्या शुक्रवारचा धागा थेट आपल्या ओळखीच्या इतिहासापर्यंत येतो.

हसनबद्दलची सर्वांत लोकप्रिय कथा तुम्ही ऐकलीच असेल. तो दिल्लीतील गंगू नावाच्या ब्राह्मण ज्योतिषाकडे चाकर होता, नांगरताना त्याला मोहरांचा हंडा सापडला, त्याने तो प्रामाणिकपणे धन्याला दिला, धन्याने त्याचे राजयोग सांगितले, आणि कृतज्ञतेने त्याने राज्याला ‘ब्राह्मणी’, म्हणजेच ‘बहमनी’, नाव दिले. कथा गोड आहे. अडचण एवढीच की ती सांगणारा फरिश्ता सुमारे अडीचशे वर्षांनंतरचा आहे. हसनच्याच आश्रयाने लिहिणाऱ्या इसामीने १३५० मध्ये ‘फुतूह-उस-सलातीन’ पूर्ण केले. त्यात गंगूचा पत्ता नाही. तेथे सुलतानाचा वंश प्राचीन इराणचा राजा बहमन याच्याशी जोडलेला आहे. हा वंशही खरा मानण्याची सक्ती नाही, कारण राजाश्रित कवीचे ते कामच होते. परंतु नाव कोठून आले हे त्यावरून कळते.

इसामीविषयी थोडे अधिक सांगायला हवे. १३२७ च्या स्थलांतरात तो कोवळ्या वयाचा मुलगा होता. सोबत नव्वदीचे आजोबा होते. म्हातारा माणूस दिल्लीबाहेर पडला आणि पहिल्याच मुक्कामावर गेला. तुघलकाविरुद्ध इसामीच्या लेखणीत जो जहर आहे त्याचे मूळ तेथे शोधावे लागते. त्याला वाचताना ही जखम विसरून चालत नाही, आणि तुघलकाचे वर्णन त्याच्याकडून जसेच्या तसे उचलूनही चालत नाही.

आता कॅले. १३४६ च्या ऑगस्टमध्ये क्रेसी येथे फ्रेंचांचा धुव्वा उडवून एडवर्ड सप्टेंबरमध्ये कॅलेसमोर येऊन बसला. तट भक्कम, भोवती दलदल आणि समुद्र. हल्ला करून हे शहर पडणार नाही हे त्याने ओळखले, आणि तटाबाहेर लाकडी घरांचे दुसरे नगरच वसवले. त्यात रस्ते होते, दुकाने होती, आठवड्याचे बाजार होते. उपासमार आत, बाजार बाहेर.

जूनमध्ये किल्लेदार जाँ द व्हिएन याने फ्रेंच राजाला पत्र पाठवले. घोडे, कुत्री, मांजरे सगळे खाऊन संपले, आता माणसांखेरीज काही उरले नाही, असा त्याचा आशय. पत्र नेणारे जहाज इंग्रजांनी गाठले तेव्हा ते कुऱ्हाडीला बांधून समुद्रात फेकण्यात आले. ओहोटी लागली आणि पत्र इंग्रजांच्या हाती पडले. एडवर्डने ते वाचले, त्यावर आपली मोहोर लावली आणि फ्रेंच राजाकडे रवाना केले. जुलैअखेर सहावा फिलिप सैन्य घेऊन जवळच्या उंचवट्यावर आला, इंग्रजांची मोर्चेबांधणी त्याने पाहिली, आणि परत गेला. तटावरून लोकांनी त्याची निशाणे येताना पाहिली आणि जाताना पाहिली. दुसऱ्या दिवशी शहर पडले.

येथेही एक कथा आहे. सहा प्रतिष्ठित नागरिक अनवाणी, अंगात नुसता सदरा, गळ्यात दोरखंड आणि हातात शहराच्या किल्ल्या घेऊन आले. एडवर्डने शिरच्छेदाची आज्ञा दिली. राणी फिलिपाने गुडघे टेकून त्यांचे प्राण मागितले. रोदँचे जगप्रसिद्ध शिल्प याच प्रसंगावर आहे. कथा लिहिली लिएजच्या जाँ ल बेलने, आणि गाजवली फ्र्वासारने, जो १३४७ मध्ये जेमतेम दहा वर्षांचा होता. सहा जण आले असणार, दोरखंडही असणार. शरणागतीच्या विधीचा तो परिचित प्रकार होता : शिक्षेचे दृश्य उभे करायचे आणि मग दया दाखवायची. म्हणजे फाशीचा प्रसंग बहुधा आधीच ठरलेल्या क्षमेची प्रस्तावना होता. या सहांचा अग्रणी यूस्ताश द सँ-पिएर. त्याच ऑक्टोबरात एडवर्डनेच त्याला कॅलेत मालमत्ता आणि वार्षिक नेमणूक दिली. हा भाग शिल्पात येत नाही. बहुतेक नागरिकांना मात्र घरेदारे सोडून चालते व्हावे लागले, आणि त्यांच्या घरांत इंग्रज कुटुंबे आणून वसवली गेली. कॅले १५५८ पर्यंत इंग्रजांकडे राहिले.

दौलताबाद आणि कॅले. दोन्हीकडे विजेत्याचे औदार्य सांगणारी एकेक कथा, आणि दोन्ही कथांचे लेखक घटनास्थळापासून दूरचे. या वर्षाची तिसरी, सर्वांत भयंकर कथाही अशीच आहे. तिच्याकडे जाण्यासाठी आधी कॉन्स्टँटिनोपल गाठावे लागेल, कारण काळ्या समुद्राचे दार तेथे आहे.

रोमन साम्राज्याचा हा पूर्वेकडील वारस १३४१ पासून यादवीत जळत होता. बाल सम्राटाची आई ॲना एका बाजूला, जुना मुत्सद्दी योआनिस कांताकुझिनोस दुसऱ्या बाजूला. फेब्रुवारी १३४७ मध्ये कांताकुझिनोस राजधानीत शिरला आणि मेमध्ये त्याचा राज्याभिषेक झाला. समारंभ थाटाचा होता. फक्त मुकुटातील रत्ने काचेची होती. खरी रत्ने ॲनाने १३४३ मध्येच व्हेनिसकडे तीस हजार दुकातांसाठी गहाण टाकली होती, आणि ती कधीच सोडवता आली नाहीत. मेजवानीत सोन्याचांदीऐवजी माती आणि कथिलाची भांडी होती. हे नोंदवणारा ग्रेगोरास त्याच शहरात राहत होता, म्हणून या तपशिलावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आता समुद्र ओलांडू. क्रिमियातील काफा (आजचे फिओदोसिया) ही जिनोआच्या व्यापाऱ्यांची वसाहत. आजूबाजूचा मुलूख सोनेरी टोळीच्या मंगोल खानाचा, जानी बेगचा. १३४३ मध्ये ताना या बाजारपेठेत एका व्हेनिसकराने स्थानिक मुसलमान अधिकाऱ्याला मारले. दंगल उसळली, इटालियन हाकलले गेले, आणि जानी बेगने काफाला वेढा घातला. दुसऱ्या वेढ्यात, १३४६ च्या सुमारास, त्याच्या सैन्यात प्लेग शिरला.

आणि येथे ती प्रसिद्ध कथा येते : मंगोलांनी प्लेगने मेलेल्यांची प्रेते यंत्रांनी तटापलीकडे फेकली, शहरात रोग पसरला, पळालेल्या जहाजांनी तो युरोपात नेला. ‘जगातील पहिले जैविक युद्ध’ म्हणून ती दर काही महिन्यांनी कोणीतरी नव्याने सांगत असतो. मीही ती एकेकाळी मोठ्या आवेशाने सांगितली आहे, हे कबूल करून टाकतो.

सांगणारा कोण? पियाचेंझाचा गाब्रिएले दे मुस्सी, पेशाने नोटरी, म्हणजे दस्त नोंदवणारा. त्या काळात तो आपल्या गावातच दस्त नोंदवत होता. काफा त्याने पाहिलेच नव्हते. त्याच्या दृष्टीने प्लेग हा पापाचा दंड होता, आणि त्याचे लेखन त्या सुरात चालते. शिवाय वेळेचा हिशेबही जुळत नाही. वेढा १३४६ चा, आणि रोग कॉन्स्टँटिनोपल आणि सिसिलीत पोहोचला तो १३४७ मध्ये. पळालेल्या जहाजांना एवढा अवधी कशाला लागावा?

२०२१ मध्ये इतिहासकार हॅना बार्कर यांनी याचे उत्तर व्यापारात शोधले. युद्धाच्या काळात जिनोआ आणि व्हेनिस यांनी जानी बेगच्या मुलखाशी व्यापार बंद केला होता. धान्य निघत नव्हते, म्हणून जहाजे निघत नव्हती, म्हणून प्लेगही किनाऱ्यावर अडकून पडला होता. इकडे १३४६-४७ मध्ये इटलीत पिके बुडाली होती, आणि शहरांना काळ्या समुद्राचे धान्य हवेच होते. १३४७ मध्ये समेट झाला, बंदी उठली. धान्याच्या वखारींतून गलबते भरली गेली. धान्यासोबत उंदीर, उंदरांसोबत पिसवा, पिसवांसोबत यर्सिनिया पेस्टिस हा जंतू. युद्धाने रोखून धरलेला रोग तहाने सोडला.

हे वाचल्यावर प्रेते फेकण्याची कथा किती सोयीची होती हे जाणवते. तिच्यात दुष्ट परका आहे, हेतू आहे, यंत्र आहे. दुसऱ्या कथेत कोणी खलनायकच नाही. भुकेल्या शहरांनी धान्य मागवले, व्यापाऱ्यांनी आणले, मुत्सद्द्यांनी तह केला. सगळ्यांनी शहाणपणाचेच वागायचे ठरवले होते.

रोगाचा उगम काफाही नव्हे. आजच्या किर्गिझस्तानात इसिक-कूल सरोवराच्या परिसरात १३३८-३९ च्या थडग्यांची एकाएकी गर्दी झालेली दिसते, आणि काही थडग्यांच्या दगडांवर सिरियाक लिपीत ‘रोगसाथ’ असे कारण कोरलेले आहे. २०२२ मध्ये त्या सांगाड्यांच्या दातांतून हाच जंतू सापडला.

ऑक्टोबर १३४७ च्या आरंभी जिनोआची बारा गलबते सिसिलीतील मेस्सिना बंदरात लागली. त्यांवरचे खलाशी आजारी होते. लोकांनी त्यांना हाकलून दिले, पण उशीर झाला होता. त्याच शरद ऋतूत अलेक्झांड्रिया, नोव्हेंबरमध्ये मार्सेय. कॉन्स्टँटिनोपलमध्ये काचेचा मुकुट घालणाऱ्या सम्राटाचा धाकटा मुलगा आंद्रोनिकोस गेला. पुढच्या उन्हाळ्यात बोर्दोत एडवर्डची मुलगी जोआन गेली. कास्तीलच्या राजपुत्राशी लग्न करण्यासाठी ती निघाली होती. कॅलेचा विजेता आणि कॅलेचे विस्थापित, दोघांचेही दार एकाच पाहुण्याने ठोठावले.

दख्खनचे काय? हा प्रश्न येणारच. या लाटेने त्या वर्षांत भारत गाठल्याचा स्पष्ट पुरावा समकालीन फारसी ग्रंथांत मिळत नाही. तुघलकाच्या दरबारी इतिहासकार बरनी याने एक संवाद नोंदवला आहे, त्यात सुलतान म्हणतो की माझ्या राज्यालाच रोग जडला आहे आणि कोणतेच औषध लागू पडत नाही. पण तो रोग बंडांचा होता. तघीचा पाठलाग करता करता १३५१ मध्ये सुलतान सिंधमध्ये वारला.

बाकीचे वर्ष झरझर पाहू. मे महिन्यात रोममध्ये खानावळवाल्याचा मुलगा कोला दी रिएंझो याने सत्ता हाती घेतली, स्वतःला ‘ट्रिब्यून’ म्हणवले, प्राचीन प्रजासत्ताक परत आणण्याची घोषणा केली. पेत्रार्क हरखून गेला. डिसेंबरात कोला पळून गेला. म्युनिकमध्ये विल्यम ऑफ ऑकम वारला. तो प्लेगने गेला असे पूर्वी मानत, पण १३४७ चा वसंत हा त्याचा मृत्युकाळ धरला, तर प्लेग तेव्हा जर्मनीपासून फार दूर होता. सिएनात कॅथरीनचा जन्म झाला, पुढे ती संत म्हणून पुजली गेली. चीनमध्ये दुष्काळ आणि साथीत आईवडील गमावलेला झू युआनझांग नावाचा तरुण भिक्षापात्र घेऊन हिंडत होता. एकवीस वर्षांनी तो मिंग घराण्याचा पहिला सम्राट होणार होता. आणि पंढरपुरात, परंपरेचा हिशेब धरला तर, नामदेव सत्त्याहत्तर वर्षांचे होते. ज्या यादवांच्या राज्यात ते जन्मले ते बुडाले, खिलजी आले, तुघलक आले, आता आणखी एक सुलतान आला होता.

या विखुरलेल्या जगात खरोखर हिंडणारा एक माणूस होता. इब्न बतूता १३४२ मध्ये तुघलकाचा दूत म्हणून दौलताबादेवरून गेला होता. नंदुरबारच्या मराठ्यांची कारागिरी, वैद्यक आणि ज्योतिष यांतली गती त्याने लिहून ठेवली आहे. १३४७ च्या आरंभी तो चीनहून मलबारला परतला. तुघलकाने सोपवलेला चीनचा नजराणा समुद्रात बुडाला होता, आणि दिल्लीला तोंड दाखवण्याची त्याची छाती झाली नाही. त्याने अरबस्तानचे जहाज धरले आणि एप्रिलच्या सुमारास जफार गाठले. सुलतानाचा कोप टाळून तो घरी निघाला तो थेट प्लेगच्या वाटेवर. १३४८ मध्ये दमास्कसमध्ये त्याने साथ डोळ्यांनी पाहिली. घरी पोहोचण्याआधीच त्याला कळले की आई प्लेगने गेली आहे.

सप्टेंबर १३४७. ट्यूनिस. मोरोक्कोचा सुलतान अबुल हसन शहर जिंकून आत आला. त्याच्याबरोबर पश्चिमेकडील नामांकित विद्वानांचा तांडा होता. शहरातील एका सुशिक्षित घराण्यातील पंधरा वर्षांचा मुलगा या पाहुण्यांच्या भोवती घुटमळू लागला. अल-आबिली नावाच्या गुरूकडे तो तर्कशास्त्र, गणित आणि तत्त्वज्ञान शिकू लागला. त्याच्या दृष्टीने वर्ष फार भाग्याचे होते. पुढच्या दीड वर्षाच्या आत प्लेगने त्याचे आईवडील आणि त्याचे बहुतेक शिक्षक नेले. अल-आबिली वाचला, मुलगा वाचला. त्याचे नाव इब्न खल्दून. राज्ये का उभी राहतात आणि का कोसळतात या प्रश्नावरचा ‘मुकद्दिमा’ त्याने तीस वर्षांनी, १३७७ मध्ये, लिहिला, आणि त्यात त्या साथीने ओस पडलेली शहरे व बुजलेल्या वाटा यांचेही वर्णन केले.